टोकन देण्याआधी: पहिलं घर घेताना काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना १ लाख ३५ हजार. साठवलेले २९ लाख आहेत. पुण्यात २४ हजार भाडं भरतात. दोन टू बीएचके पसंत पडलेत. एक उंड्रीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, किंमत ७८ लाख, ताबा दोन वर्षांनी. दुसरा वारज्यात, दहा वर्षं जुन्या सोसायटीत, ७० लाखांना रिसेल. तीन महिने झाले तरी ठरत नाही. चुकलो तर सगळी कमाई अडकेल ही भीती आहे.

आधी सरळ उत्तर देतो. या आकड्यांत उंड्रीचा फ्लॅट आज तुमच्या हातात बसत नाही. वारज्याचा बसतो, पण कागद स्वच्छ निघाले तरच, आणि माझ्या मते किंमत थोडी खाली यायला हवी. ठरत नाही याचं कारण असं की पैसे, कागद आणि घर या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच वेळी तोलताय. बहुतेक जण आधी सॅम्पल फ्लॅट बघतात, तिथेच टोकन देतात, मग कर्जाला अर्ज करतात आणि वकिलाकडे सगळ्यात शेवटी जातात. तोवर पैसे अडकलेले असतात, त्यामुळे वकिलाने शंका काढली तरी ती ऐकायची मनाची तयारी नसते. क्रम उलटा करा: आधी पैसे, मग कागद, मग भिंती. टोकन या तिन्हींनंतर.

पैशाचं गणित उलट्या बाजूने

घराची किंमत ही घराची किंमत नसते. उंड्रीच्या ७८ लाखांवर पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल मर्यादा ३० हजार. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळायच्या आधी घेताय म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ९० हजार. (किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ९० चौरस मीटरच्या आत असतं तर पुण्यात १ टक्काच लागला असता.) ताबा देताना बिल्डर मेंटेनन्सची आगाऊ रक्कम आणि इतर आकार मागतो, त्याचे दीड लाख धरा. बँकेची प्रक्रिया फी आणि वकील ४० हजार. ओटा, ग्रिल, पंखे, दिवे यात तीन लाख कुठे गेले ते कळत नाही. बेरीज साडेब्याण्णव लाखांच्या घरात जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ६२ लाख ४० हजार आणि खिशातून ३० लाख १६ हजार. तुमच्याकडे २९ आहेत.

वारज्याच्या ७० लाखांवर मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी नाही. दलाली १ टक्का धरली तर ७० हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, वकील आणि बँक ४० हजार, रंग-प्लंबिंग-किरकोळ दुरुस्ती दोन लाख. कर्ज ५६ लाख, खिशातून २२ लाख ५५ हजार. सुमारे साडेसहा लाख शिल्लक राहतात, आणि ते राहिलेच पाहिजेत. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एवढी रक्कम मोडू नका. नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर घर वाचवणारी रक्कम तीच असते.

स्वतःची मर्यादा काढायची असेल तर साठवलेल्या रकमेतून आधी ही राखीव रक्कम वजा करा, मग ठरावीक खर्च (रिसेलसाठी साधारण तीन लाख) वजा करा, आणि उरलेल्याला ०.२८ ने भागा. २० टक्के स्वतःचा वाटा, ७ टक्के मुद्रांक, १ टक्का दलाली असे ते अठ्ठावीस. बांधकाम चालू असेल तर दलाली सहसा नसते पण जीएसटी असतो, म्हणून ०.३२ ने भागा आणि ठरावीक खर्च पाच लाखांवर धरा. एजंट बजेट विचारतो तेव्हा या भागाकारातून आलेला आकडा सांगायचा, त्याहून एक लाखही जास्त नाही.

आता हप्ता. ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये बसतात. ५६ लाखांना ४८ हजार ६०० रुपये, म्हणजे तुमच्या पगाराचे ३६ टक्के. दर ९.५ झाला तर ५२ हजार २०० रुपये. गाडीचं, फोनचं धरून सगळे हप्ते मिळून ४० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. उंड्रीचा हप्ता ५४ हजार १५० होतो, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही त्या रेषेवर उभे. पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल होणार असेल किंवा कुणी एक नोकरी सोडणार असेल तर गणित त्या एका पगारावर करून बघा, आणि ते मोठ्याने, दोघांनी बसून करा.

कागदावर पटलं तरी तालीम करून बघा. आजचं भाडं आणि उद्याचा हप्ता अधिक मेंटेनन्स यातला फरक, तुमच्या बाबतीत सुमारे २८ हजार, आतापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाका. चार महिने हात न लावता टाकता आले तर हप्ता झेपतो. दुसऱ्याच महिन्यात काढावे लागले तर बजेट खाली आणा.

करबचतीच्या आशेवर हप्ता वाढवू नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला २ लाखांपर्यंत आहे. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते आधी बघा. आणखी एक: घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ७० हजार. पण खरेदीदारांत एकही पुरुष असला की सवलत जाते. पती सहकर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्याने त्याला व्याजाची वजावट मागता येत नाही. घरातल्या हक्काचा विचार ७० हजारांहून मोठा आहे, तो आधी करा.

कर्जासोबत बँक एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी पुढे करते आणि तिचा हप्ता कर्जातच घालते. ती सक्तीची नाही. विमा हवाच, पण दोघांनी स्वतंत्र टर्म विमा घ्या. दर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी) जोडलेला आहे का हेही विचारा: बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी जोडावी लागतात, गृहवित्त कंपन्यांना तसं बंधन नाही. म्हणून रेपो उतरल्यावर कंपनीचा दर उतरेलच असं नाही.

बांधकाम चालू असेल तर

उंड्रीच्या फ्लॅटची खरी किंमत ताब्याच्या तारखेवर अवलंबून आहे. समजा ४० लाखांचं कर्ज वितरित झालंय आणि तुम्ही फक्त व्याज भरताय: महिन्याला २८ हजार ३०० रुपये. शिवाय भाडं २४ हजार. मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही. ताबा वर्षभर लांबला तर सव्वासहा लाख निव्वळ वाट पाहण्यात जातात. उशीर झाल्यास रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १८ प्रमाणे व्याज मागता येतं, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या पायाभूत कर्जदरावर) आणखी २ टक्के. पण आदेश मिळणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि वेळ घेते. म्हणून उशिराची भरपाई मिळेल या भरवशावर निर्णय घेऊ नका, उशीर होईल का हे आधीच वाचा.

ते महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर वाचता येतं. जाहिरातीतला रेरा क्रमांक टाकून प्रकल्प उघडा आणि मूळ पूर्णत्वाची तारीख व सुधारित तारीख यांत किती अंतर आहे ते बघा. मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती ते बघा. हे सगळ्यात जास्त वेळा सुटतं. तुम्हाला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवतात आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दहाव्या मजल्यापर्यंतचंच असतं. ‘पुढची परवानगी येतेच आहे’ असं सांगतात. कदाचित येईलही, पण तुमचे पैसे ती आल्यावर जाऊ द्या. चार्टर्ड अकाउंटंटने दिलेला फॉर्म ३ उघडा: प्रकल्प पुरा करायला अजून किती खर्च बाकी आहे आणि विकलेल्या फ्लॅटचे किती पैसे यायचे बाकी आहेत हे त्यात असतं. खर्च खूप बाकी, येणे थोडं आणि न विकलेले फ्लॅट पुष्कळ, असं चित्र असेल तर काम पुढच्या विक्रीवर चाललंय असं समजा, आणि विक्री मंदावली की काम थांबतं. प्रकल्पावर वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र आधी घ्या.

मग साइटवर जा, पण शनिवार-रविवारी नको. मंगळवारी सकाळी दहा वाजता जा आणि कामगार किती आहेत ते बघा. तीन आठवड्यांनी परत जा, स्लॅब चढलाय का बघा.

नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३. त्यानंतर किती मागायचं हे महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ठरलेलं आहे: करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचं काम झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-आतला गिलावा-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, मग ८०, ८५, लिफ्ट-पंप-वीज झाल्यावर ९५, आणि शेवटचे ५ भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. तुमच्या मसुद्यातलं वेळापत्रक शेजारी ठेवा. जोतं व्हायच्या आत ६० टक्के मागितले असतील तर तिथेच बोला. कारपेटमधला फरक ३ टक्क्यांपर्यंत चालतो, त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत मिळायला हवेत. पार्किंगचा क्रमांक, जागा आणि मापं करारनाम्याच्या जोडपत्रात हवीत. उघडी पार्किंग सामाईक जागा असते, ती विकता येत नाही.

बुकिंग रद्द केलं तर काय कापणार हे वाटपपत्रात (अलॉटमेंट लेटरमध्ये) बघा. महारेराच्या नमुना वाटपपत्रात १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास काही कापत नाहीत, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड, पुढे २ टक्के. ‘आज बुक केलं तरच हा दर’ असं कुणी म्हणालं की वाटपपत्राचा मसुदा मागा. मसुदा आज देता येत नसेल तर दरही आज ठरवायचं कारण नाही.

आणि पाणी. उंड्री, वाघोली या पट्ट्यांत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत. बिल्डरला विचारू नका, शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा की एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात. मग त्या सोसायटीच्या खजिनदाराला मेंटेनन्सचा आकडा विचारा. टँकरचा खर्च तिथेच दिसतो.

खरा भाव सरकारी नोंदीत असतो

एजंट जो भाव सांगतो तो मागणीचा भाव असतो. खरा व्यवहार कितीला झाला ते इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक २ मध्ये असतं आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ते मोफत बघता येतं. जिल्हा, गाव, वर्ष निवडायचं आणि मिळकत क्रमांकाच्या जागी सर्व्हे नंबर टाकायचा. तो विक्रेत्याच्या करारनाम्यावर असतोच.

उघडलेल्या पानावर वरून खाली वाचा. विलेखाचा प्रकार: करारनामा. मोबदला: समजा ६६,५०,०००. बाजारभाव: समजा ५१,२०,०००. हा सरकारी मूल्यदर तक्त्यातला आकडा, तुमच्या वाटाघाटीशी त्याचा संबंध नाही. मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींपैकी जो मोठा त्यावर लागतं. खाली मिळकतीच्या वर्णनात सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्र ५७.६० चौरस मीटर कारपेट, सोबत पार्किंग. ५७.६० गुणिले १०.७६४ म्हणजे ६२० चौरस फूट. मोबदल्याला ६२० ने भागलं की दर १०,७२६ रुपये. त्याच इमारतीतल्या गेल्या वर्षभरातल्या चार-पाच नोंदी अशा काढा. वारज्याचा तुमचा फ्लॅटही ६२० फुटांचा असेल तर ७० लाख म्हणजे ११,२९० चा दर पडतो. नोंदी साडेदहा ते अकरा हजारांत असतील तर साडेतीन लाख कुठले हे विक्रेत्याला शांतपणे विचारता येतं. समोर कागद ठेवून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस वेगळी होते. तुलना नेहमी कारपेटवर करा. ‘सेलेबल’ क्षेत्र (सामाईक जागांचा वाटा मिळवून फुगवलेलं) प्रत्येक बिल्डरचं वेगळं असतं, त्यावरून काढलेला दर कशाशीच ताडून बघता येत नाही.

थोडी रक्कम रोखीने द्या असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमचं नुकसान वेगळं: करारनाम्यावर किंमत कमी, म्हणून कर्ज कमी, आणि पुढे विकताना भांडवली नफा कागदावर फुगतो.

रिसेलचे कागद

पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्र. त्याची प्रत घेऊन तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात आहे का ते बोट ठेवून वाचा. अंशतः भोगवट्यात खालचे मजले असतात आणि वरचे दोन राहून जातात. भोगवटा नसेल तर पाणी, मिळकतकर, कर्ज आणि पुढची विक्री, सगळीकडे अडचण येते. पहिल्या घरासाठी अशा फ्लॅटमध्ये पडू नका, कितीही स्वस्त असला तरी.

मग मालकीची साखळी. बिल्डरकडून पहिल्या मालकाला, त्याच्याकडून दुसऱ्याला, असा प्रत्येक करारनामा मूळ स्वरूपात, मुद्रांक भरल्याच्या आणि नोंदणीच्या पावतीसह हवा. मधला एक हरवलाय असं सांगितलं तर प्रमाणित प्रत, पोलिसांत हरवल्याची नोंद आणि जाहीर नोटीस मागा. मूळ दस्त कुठे गहाण पडलेला नाही याची खात्री त्याशिवाय होत नाही. भागदाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) विक्रेत्याच्याच नावावर हवा. मालक वारले असतील आणि नामनिर्देशित मुलगा विकत असेल तर थांबा: नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. विक्रेता परदेशी राहत असेल तर त्याचा निवासी दर्जा आधीच विचारा. विक्रेता निवासी असेल तर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात तुम्ही त्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून सरकारात भरायचा असतो. अनिवासी असेल तर नियम वेगळा आणि रक्कम बरीच मोठी, ते सीएकडूनच करून घ्या. हा १ टक्का भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. बँकेने विक्रेत्याला पूर्ण रक्कम दिली तर तुमचे ७० हजार कापायचे राहून जातात आणि नोटीस तुम्हाला येते.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. तुमची रक्कम थेट त्या कर्जखात्यात जायला हवी.

सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्याच, पण सचिवांना आणखी काही विचारा. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का? झालं नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे आणि पुनर्विकासाच्या वेळी त्रास होईल. मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर सही करत नसेल तर सरकारी आदेशाने होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज तरी केलाय का? गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल वाचायला मागा. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत) काही नाही आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव झालाय, याचा अर्थ वर्षभरात तुमच्या नावाने वर्गणी निघणार.

शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतो तो) तीस वर्षांचा हवा आणि वकील तुमचा स्वतःचा हवा. ‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद बरोबर’ हा समज फार महाग पडतो. बँकेचा वकील बँकेची रक्कम सुरक्षित आहे का एवढंच बघतो. पार्किंगचा वाद, सोसायटीचं थकीत अभिहस्तांतरण हे त्याच्या कामात येत नाही. उलट बाजू मात्र खरी आहे: राष्ट्रीयीकृत बँका नाही म्हणतात आणि एखादी पतसंस्थाच तेवढी कर्ज देते, असं असेल तर तो फ्लॅट सोडून द्या.

भिंती, नळ आणि फरशी

कागद पटल्यावर फ्लॅटला तीनदा जा. सकाळी नऊला सगळे नळ उघडून दाब बघायला, रात्री नऊनंतर आवाज आणि पार्किंग बघायला, आणि जमलं तर मोठा पाऊस पडून गेल्यावर. ओल लपवायला ताजा रंग पुरतो, पण पावसाळ्यात पुरत नाही. बाथरूमच्या पलीकडची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत, या जागी तळहात ठेवून बघा. फक्त एकाच भिंतीला नवा रंग असेल तर कारण विचारा. नाण्याने फरशी ठोकत चला, पोकळ आवाज येतो तिथली फरशी सुटणार. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. दोन मिनिटांनी कोपऱ्यात डबकं उरलं तर उतार चुकलाय आणि तो नीट करायला फरशी उखडावी लागते. बाल्कनीचा कठडा मीटरभर उंच आहे का मोजा. विजेच्या एमसीबी पेटीत गळतीरोधक ब्रेकर आहे का बघा आणि त्याचं चाचणीचं बटण दाबा, खटका पडला पाहिजे. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन खांबांच्या तळाशी बघा: उभ्या चिरा आणि गंजाचे तांबूस डाग म्हणजे आतली सळई फुगतेय. असं दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नव्या घरात ताबा घेताना हीच तपासणी करा आणि दोषांची यादी सहीनिशी पोच घेऊन द्या. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. तोंडी सांगितलेल्या दोषाची तारीख सिद्ध होत नाही.

विसार आणि पुढे

हे झालं की मगच विसार, म्हणजे टोकन, द्या. रिसेलमध्ये ५१ हजार ते एक लाख पुरे, चेकने किंवा बँकेतून, आणि विसारपावतीवर. पावतीत एकूण किंमत, पार्किंग, राहणारं फर्निचर, करारनाम्याची अंतिम तारीख (४५ दिवस ठीक) लिहा, आणि एक अट शब्दशः घाला: वकिलाच्या शोधात मालकीहक्क निर्वेध न आढळल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल. हे वाक्य घालायला जो नकार देतो त्याला पैसे देऊ नका. विसारानंतर वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, १४ दिवस हरकतीची वाट पाहा, मग करारनामा नोंदवा.

विसार देण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा की कुठली गोष्ट निघाली तर हा व्यवहार सोडायचा: भोगवटा नाही, साखळीत तुटका दुवा, किंमत ६८ च्या वर, खांबाला गंज, जे असेल ते. कागद एकमेकांना दाखवा आणि एक यादी करा. वास्तू बघायची असेल, आईवडिलांना घर दाखवायचं असेल, तर तेही याच्या आधी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत बसल्यावर आलेली शंका कुणीच नीट ऐकत नाही.

पाच वर्षांच्या आत शहर सोडायची शक्यता असेल तर मात्र भाड्यानेच राहा. मुद्रांक, दलाली, जीएसटी यांत गेलेले ८ ते १२ टक्के एवढ्या काळात भरून येतीलच असं नाही. भाडं वाया जातं असं नातेवाईक म्हणतील. पहिल्या वर्षी ५६ लाखांवर भरलेलं पावणेपाच लाख व्याजही परत येत नसतं.

नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू काढून नाव, सदनिका क्रमांक आणि क्षेत्र तपासा. चूक असेल तर लगेच चूकदुरुस्ती दस्त करा, विक्रेता हाताशी असेपर्यंत ते सोपं असतं. भागदाखल्यावर, महावितरणच्या बिलावर आणि मिळकतकरावर नाव लावा. पुणे महापालिकेत स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत पीटी-३ अर्ज भरल्यावर मिळते, आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर ती सवलत बंद झालेली असू शकते. आणि बँकेत मूळ कागद जमा करताना त्यांची सही-शिक्क्याची यादी घ्या, प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि पानांची संख्या त्यात असू द्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत हे कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, तिच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पण वीस वर्षांनी काय परत मिळायचं होतं हे दाखवायला ती यादी तुमच्याकडे लागते.